इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू

पत्रिकेत विषय 'इंग्रजी कशी शिकावी' असा छापलाय. मी तो जरा फिरवून घेणार आहे. इंग्रजी कशी शिकावी हे सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांचे बोर्ड नगर रस्त्याच्या खांबाखांबावर लटकलेत. आपण आज एवढंच बघू, की जे शिकवलं जातं त्यातून शेवटी हातात काय पडतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे एलआयसीची पॉलिसी असेल. वीस वर्षांची घेतली, सात वर्षं हप्ते भरले, मग एखाद्या वर्षी पाऊस गेला किंवा घरात लग्न निघालं आणि पुढचं जमेना. अशा वेळी आपण एजंटला काय विचारतो? 'सरेंडर व्हॅल्यू किती मिळेल?' म्हणजे मधेच सोडलं तर परत काय येईल. हाच शब्द भाषेच्या शिक्षणाला लावणारा एक माणूस होऊन गेला. मायकेल वेस्ट त्याचं नाव. ब्रिटिश अमदानीत तो ढाक्याला शिक्षणखात्यात होता. बंगालमधल्या मुलांच्या इंग्रजीवर त्यानं १९२६ साली पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की अभ्यासक्रम आखला जातो शेवटपर्यंत पोचणाऱ्यांसाठी, आणि पोरं तर मधेच गळतात. मग तिसऱ्या वर्षी शाळा सोडणाऱ्याच्या पदरात काय पडलं ते तपासा. पडलं नसेल, तर त्याच्याकडून तुम्ही नुसते हप्ते घेतलेत.

शंभर वर्षं होत आली या गोष्टीला. मला तरी इंग्रजी शिकवण्याची यापेक्षा चांगली परीक्षा सापडलेली नाही. आज ती आपल्याकडच्या दोन-चार गोष्टींना लावून बघतो.

सुरुवात तर्खडकरांपासून करू. इथं बसलेल्या आजोबा मंडळींना भाषांतर पाठमाला आठवत असेल. एक नियम, थोडे शब्द, मग मराठी वाक्यं. त्यांचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. आज कुणी हे पुस्तक काढलं की नव्या पद्धतीचे शिक्षक हसतात. हसू देत. त्या पुस्तकाला एक गोष्ट पक्की माहीत होती: समोरचा मुलगा मराठी आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, तिकडे मधे. आपण 'घराला', 'घरात', 'घरून' असं नामाच्या शेपटीला प्रत्यय लावतो, ते लोक नामाच्या आधी वेगळा शब्द ठेवतात. आपल्याला 'अ' आणि 'द' लागतच नाहीत, म्हणून ते कुठं लावायचे हे दहावीनंतरही कळत नाही. मराठी माणूस नेमका जिथं अडखळतो तिथंच ते पुस्तक थांबायचं. अर्धं करून सोडलेला माणूससुद्धा डिक्शनरी घेऊन बसला तर साध्या कागदाचा अर्थ लावू शकायचा. कानाला मात्र काही मिळायचं नाही. लिहिणार शुद्ध, आणि समोर कुणी बोलायला लागला की गप्प. तरीसुद्धा सरेंडर व्हॅल्यू होती, हे मान्य करायला हवं.

मग आलं रॅपिडेक्स. कपिल देवची जाहिरात आठवते? तर्खडकरांच्या नियमांना कंटाळलेल्यांना ते थेट वाक्यं द्यायचं. दुकानात असं म्हणा, डॉक्टरकडे तसं म्हणा, आणि उच्चार देवनागरीत. लोकांच्या मनातली लाज त्या पुस्तकानं थोडी कमी केली. ते कामही मोठंच. पण आपण पाठ केलेलं वाक्य म्हणतो आणि समोरचा त्याच्या मनातलं उत्तर देतो, ते काही पुस्तकात छापलेलं नसतं. पाठ केलेली वाक्यं महिनाभर वापरली नाहीत तर विसरतात, आणि एका वाक्यातून दुसरं तयार करायची खुबी त्यात फारशी नसते. आज जागोजागी चालणारे तीन महिन्यांचे स्पोकन इंग्लिशचे क्लास म्हणजे याच पुस्तकाची पोरं. फी मात्र पुस्तकाच्या कितीतरी पट.

आता सरकारकडे येऊ. २००० साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीला यायची. हेतू चांगलाच होता: शहरातल्या पोराला जे मिळतं ते वाडीवरच्या पोरालाही मिळावं. ती पहिली तुकडी २०१० च्या मार्चमध्ये दहावीला बसली. म्हणजे हप्ते सहा वर्षांचे होते ते दहा वर्षांचे झाले. परतावा किती वाढला? 'प्रथम'चा 'असर' अहवाल खेड्यातल्या मुलांना 'व्हॉट इज द टाइम?' असली साधी वाक्यं वाचायला देतो. देशभरातला आकडा सांगतो. २००९ साली आठवीतली साधारण ६० टक्के मुलं ती वाचू शकत होती, २०१६ साली ४५. आठवीतली मुलं, आणि वाक्य हे असलं! हा आकडा एकट्या महाराष्ट्राचा नाही. पण वर्षं वाढवली की भाषा आपोआप वाढते, हा समज त्यापुढे टिकत नाही.

गंमत बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला तेव्हा केवढं रान उठलं. २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. लहान पोरांवर तिसऱ्या भाषेचं ओझं नको, असं सगळे म्हणत होते, आणि बरोबरच म्हणत होते. पण दुसऱ्या भाषेचं पंचवीस वर्षांत काय झालं, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही. इंग्रजीला प्रश्न विचारायचा म्हटलं की आपण घाबरतो. प्रश्न विचारणारा गरिबाच्या पोराला मागं ठेवतोय, असं वाटतं लोकांना. मला वाटतं, प्रश्न न विचारल्यानंच ते पोर मागं राहिलंय.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चौथी-पाचवीपर्यंत फी भरली, मग जमेना म्हणून पोर परत झेडपीच्या शाळेत आणलं. त्याला 'सेव्हंटी-नाइन' कळतं, 'एकोणऐंशी' कळत नाही. मराठी वाचताना अडखळतं आणि इंग्रजीत चार ओळी स्वतःच्या लिहिता येत नाहीत. ही पॉलिसी मधे सोडली तर परतावा शून्याच्याही खाली. आणि आपल्याच शिरूर तालुक्यात, शिक्रापूरजवळ वाबळेवाडीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी रांग लागलेली लोकांनी पाहिलीय. म्हणजे आई-बापांना माध्यमाचंच वेड असतं असं नाही. शिकवतात असा भरवसा आला की ते येतात.

आता मूळ मुद्दा. रांजणगावच्या एमआयडीसीत इंग्रजी नेमकी कुठं लागते? लाइनवर कुणी इंग्रजी बोलत नाही. शेजारी बिहारचा, नाहीतर मराठवाड्याचा पोरगा असतो, सुपरवायझर हिंदीत ओरडतो नाहीतर मराठीत. इंग्रजी असते ती कागदावर आणि स्क्रीनवर. मशीनच्या सूचना, केमिकलच्या ड्रमवरचं लेबल, ईमेल, पगाराची स्लिप, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेमणुकीचं पत्र. इथली इंग्रजी वाचायची इंग्रजी आहे, आणि आपण पैसे मोजतो बोलायच्या इंग्रजीला.

त्या पत्रात कसलं वाक्य असतं? 'सर्व्हिसेस शॅल स्टँड टर्मिनेटेड ऑन एक्स्पायरी ऑफ द टर्म, अनलेस एक्स्टेंडेड इन रायटिंग.' आयटीआय झालेल्या पोराला 'टर्मिनेट' कळतं, तो शब्द आता मराठीच झालाय. तो अडतो 'अनलेस'पाशी आणि 'इन रायटिंग'पाशी. मुदत संपली की नोकरी आपोआप संपली, लेखी मुदतवाढ मिळाली तरच पुढे चालू. सुपरवायझर तोंडी 'ये रे उद्या' म्हणाला, तर या कागदाप्रमाणे ती मुदतवाढ होत नाही. पोरगा सही करतो, पेढे वाटतो, त्या पगारावर बाईकचं कर्ज काढतो, आणि वर्षाच्या शेवटी गेटवर कार्ड चालत नाही तेव्हा त्याला वाक्याचा अर्थ कळतो. दहा वर्षं इंग्रजी शिकलेला पोरगा आहे हा. कृतिपत्रिकेत पत्रलेखनाला चांगले मार्क पडलेत त्याला.

आणि ते पत्रलेखनही बघा. मराठीत 'मला दोन दिवस रजा हवी आहे' हे नम्र वाक्य आहे. तेच शब्दाला शब्द ठेवून 'आय वॉन्ट टू डेज लीव' असं मेलमध्ये गेलं की साहेबाला ती दमदाटी वाटते. आपली अदब 'द्याल का', 'मिळेल का' अशी क्रियापदात असते, त्यांची 'कुड' आणि 'वुड'मध्ये. हे वर्गात सांगायला दहा मिनिटं लागतात. अपेक्षित प्रश्नसंचात ते सापडत नाही.

कुणी म्हणेल, इंटरव्ह्यूला तर बोलावंच लागतं. लागतं, खरंय. पण तिथं लागणारी दहा-पंधरा वाक्यं वाचता येणाऱ्याला पंधरा दिवसांत बसवता येतात. वाचता न येणाऱ्याला तीन महिने बोलायला शिकवलं तर ती वाक्यं तेवढीच राहतात. वेस्टही वाचनापासूनच सुरुवात करा म्हणायचा, कारण बोलायला जोडीदार लागतो आणि तो खेड्यात मिळत नाही. मी त्याच्याइतका हट्टी नाही. कान तयार झाला पाहिजे, आणि आज मोबाइलवर तो फुकट तयार करता येतो. पण हप्ते कुठं भरायचे असं विचाराल, तर मी वाचनाकडे बोट दाखवीन.

कसं शिकवायचं, हेही परदेशातून आणायची गरज नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू या गृहस्थांनी बंगळूर, मद्रासकडच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांपुढे नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं ठेवली. ही गाडी चुकली तर पुढची कोणती, तिथं किती वाजता पोचू? मुलं उत्तर शोधायच्या नादात भाषा वापरायला लागली. आज जगभर 'टास्क' म्हणून जे शिकवतात, त्यातलं बरंच तिथून निघालंय. आपल्या पाठ्यपुस्तकातही कृती आहेत, नावाला. पण गाईडमध्ये ती कृती सोडवूनच छापलेली असते, आणि मुलगा सोडवलेली कृती पाठ करतो. म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक पाठ करून स्टेशनवरच बसून राहण्यातला प्रकार.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. दहावी आणि आयटीआयच्या पोरा-पोरींसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी इथं बसायचं. धडा म्हणजे खरा कागद: नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, पीएफचा मेसेज, बाईकच्या कर्जाचा करार, ड्रमवरचं लेबल. प्रश्न असे: सुटी न सांगता घेतली तर काय होईल? हातात किती येणार? नोटीस किती दिवसांची? उत्तर मराठीत दिलं तरी चालेल, पण कागदातली ओळ बोटानं दाखवायची. व्याकरण अडेल तिथं तर्खडकर उघडू. चार आठवड्यांनी ज्याला सोडायचं असेल त्यानं खुशाल सोडावं, निदान स्वतःचं पत्र तरी वाचून जाईल.

ज्यांच्या घरी असले कागद असतील त्यांनी नाव, कंपनी आणि पगाराचा आकडा खोडून झेरॉक्स आणून द्यावी. वीसेक कागद जमले की सुरू करू. आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकावरच्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात, त्या आधी विचारू देत.