समासातली टिपणे कोणाची?

२००९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या काही वाचकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तके एकाएकी नाहीशी झाली. ज्याने ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नाहीत, हे लक्षात आल्यावर अ‍ॅमेझॉनने वाचकांचे पैसे परत केले आणि विकलेल्या प्रती दुरूनच पुसून टाकल्या. पाळतीवरची कादंबरीच गायब झाल्यामुळे या घटनेवर तेव्हा भरपूर लिहिले गेले. मला त्यातला दुसरा एक तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. एक शाळकरी विद्यार्थी ‘१९८४’ अभ्यासासाठी वाचत होता आणि वाचता वाचता यंत्रातच टिपणे काढत होता. पुस्तक गेले, टिपणे उरली. पण ज्या ओळींपुढे ती लिहिली होती त्या ओळीच आता नव्हत्या. त्याने दावा लावला. त्याच वर्षी १,५०,००० डॉलरवर तडजोड झाली. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पुढे असे करणार नाही, असे कंपनीने मान्य केले, पण न्यायालयाचा आदेश आल्यास किंवा पैसे चुकते न झाल्यास, असे काही अपवाद राखूनच. म्हणजे दुरून पुस्तक पुसण्याची सोय यंत्रात तशीच राहिली.

ई-रीडरची आपल्याकडची परीक्षणे पडद्याचे इंच, उजेडाची छटा आणि बॅटरीचे आठवडे मोजतात. या गोष्टी उपयोगाच्या आहेत. पण ज्याच्यासाठी वाचन हे काम आहे, त्याने आधी विचारायला हवे ते असे: पुस्तकाची किल्ली कोणाकडे आहे, आणि समासात मी लिहिलेले कोणाचे आहे?

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक कधी नेले आणि कधी परत केले, याची नोंद अशा वाचनालयात ठेवली जाते. म्हणजे वाचकाची नोंद ही काही नवी गोष्ट नव्हे. पण त्या नोंदीला मर्यादा होती. पुस्तक कितव्या पानावर मिटले, कोणत्या ओळीखाली रेघ ओढली, हे ग्रंथपालाला कळत नव्हते. खात्याला जोडलेल्या ई-रीडरमध्ये नेमके हेच कंपनीकडे जाते: शेवटचे वाचलेले पान, अधोरेखिते, टिपणे. किंडलवर ‘अनेकांनी अधोरेखित केलेला मजकूर’ दिसतो, तो असाच हजारो समास एकत्र करून काढलेला असतो.

यात बिघडले काय, असे कोणी विचारेल. दोन घटना सांगतो. २००० साली कोलोरॅडोतल्या ‘टॅटर्ड कव्हर’ या पुस्तकाच्या दुकानाकडे पोलिसांनी एका गिऱ्हाइकाच्या खरेदीची नोंद मागितली. दुकानाने नकार दिला आणि २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाची बाजू उचलून धरली. तिथे नाही म्हणणारे कोणी तरी होते. उलट २०१४ साली उघडकीस आले की अ‍ॅडोबीचे ई-पुस्तके वाचण्याचे सॉफ्टवेअर कोणते पुस्तक उघडले, कोणती पाने पाहिली, ही माहिती कंपनीकडे पाठवत होते, आणि तीही कोणत्याही सांकेतिक कुलपाशिवाय. वाटेत कोणीही वाचावी अशी.

खासगीपणा ही पाश्चात्त्य चैन आहे, असेही आपल्याकडे म्हटले जाते. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचलेल्यांना हे पटणार नाही. घरातल्या बायकांचा रोष सोसत त्या शिकल्या. आपण काय वाचतो हे कोणाच्या नजरेस पडते, यावर वाचणे शक्य होणार की नाही हे ठरते, याचा अनुभव मराठी घरांना जुना आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या अनुभवाला कायद्याची भाषा मिळाली.

प्रकाशकांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात आणि त्यात लेखक-प्रकाशकांचे खरे नुकसान होते. मग डिजिटल कुलूप नको कसे? पण माझ्यापर्यंत आलेल्या अशा फाइली बहुतेक छापील प्रतीचे फोटो काढून केलेल्या होत्या. त्यांना कुलूप अडवत नाही. कुलूप भेटते ते पैसे मोजून ई-पुस्तक घेणाऱ्याला. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले आणि ज्यांनी टिपणे केली होती त्यांना आणखी २५ डॉलर. समासाची बाजारातली किंमत इतकी स्पष्ट यापूर्वी कोणी सांगितली नव्हती. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, केवळ परवाना देताना ‘विकत घ्या’ असे म्हणायचे असेल तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेऊन यूएसबीने यंत्रात नेण्याची सोय अ‍ॅमेझॉनने काढून टाकली.

म्हणून यंत्र निवडताना मी तीन कसोट्या लावतो. पहिली: खाते न उघडता, वाय-फाय कायमचे बंद ठेवून ते चालते का? दुसरी: संगणकाला जोडल्यावर ते पेन ड्राइव्हसारखे उघडते का आणि ईपब ही खुल्या प्रकारची फाइल थेट वाचते का? तिसरी: टिपणे साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतात का?

पॉकेटबुक तिन्ही कसोट्यांना बऱ्यापैकी उतरते. खात्याची सक्ती नाही आणि फाइलींचे प्रकारही पुष्कळ चालतात. कोबो ईपब थेट वाचते, पण सुरुवातीलाच खाते मागते. ते टाळायचे तर सेटिंगच्या फाइलीत एक ओळ हाताने घालावी लागते. दोन्हींवर ‘केओरीडर’ हे मुक्त सॉफ्टवेअर बसवता येते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या यंत्रांत हवे ते अ‍ॅप घालता येते, पण प्रत्येक अ‍ॅपची पाळत वेगळी तपासावी लागते. किंडललाही न्याय द्यायला हवा: त्यातली टिपणे एका साध्या फाइलीत साठतात आणि केबलने काढून घेता येतात. तिसऱ्या कसोटीत ते नापास नाही. पुस्तक आणि खाते यांची गाठ सुटत नाही, ही त्याची अडचण आहे. कोणतेही यंत्र असो, पुस्तकांचा मूळ संग्रह संगणकावर ठेवावा. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेले ‘कॅलिबर’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे.

मराठी वाचकाला चौथी कसोटीही लागते: जोडाक्षरे. माझ्या एका जुन्या यंत्रात ‘क्ष’ फुटून ‘क्’ आणि ‘ष’ वेगळे दिसत. ते पाहूनच यंत्र घ्यावे. शिवाय आपली पुष्कळ ई-पुस्तके जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या पीडीएफ आहेत. सहा इंची पडद्यावर अक्षर मोठे करायला जावे तर ओळ पानाबाहेर जाते, आणि शब्द शोधू गेले तर सापडत नाही. अशा पुस्तकाला कुलूप नसले तरी ते वाचकाच्या ताब्यात आले, असे म्हणता येत नाही.

यावरचा उपाय मात्र आपल्याच हातात आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. ऑर्वेल आणि साने गुरुजी दोघेही १९५० साली गेले. दोघांनी स्वतः लिहिलेले, हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून आपल्याकडे सर्वांचे झाले. जी कादंबरी अमेरिकेतल्या वाचकांच्या यंत्रातून पुसली गेली, तीच इथे कोणीही छापू शकतो, तिचे मराठी भाषांतर करू शकतो. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तके युनिकोडमध्ये टंकून ठेवली जातात आणि तिथून ती ईपब म्हणून उतरवून घेता येतात. तिथे मुद्रिते तपासणाऱ्या हातांची गरज आहे. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांना ते काम उत्तम जमेल.

माझ्यापुरते सांगायचे तर यंत्राचे वाय-फाय बंद असते. महिन्यातून एकदा केबल लावून टिपणांची फाइल संगणकावर घेतो आणि प्रत्येक टिपणाखाली ती मूळ ओळ आली आहे ना, हे पाहतो.