बंधुभाव आणि तहनामा

अहमद दावुतोग्लू यांचा ‘स्ट्रातेजिक देरिनलिक’ हा ग्रंथ २००१ सालीं प्रसिद्ध झाला. तुर्कस्तानचें सामर्थ्य त्याच्या भूगोलांत व उस्मानी इतिहासांत सांठलेलें असून त्या वारशाच्या प्रदेशांत त्यानें पुढाकार घ्यावा, हें त्याचें मुख्य प्रतिपाद्य. ग्रंथकार पुढें २००९ ते २०१४ परराष्ट्रमंत्री व २०१६ पर्यंत पंतप्रधान होते. त्यामुळें सिद्धान्ताची परीक्षा त्यांच्याच कारकीर्दीवरून करतां येते.

कित्येक टीकाकार या धोरणाचें मूळ इजिप्तच्या इख्वान-उल्-मुसलिमीन या संघटनेशीं असलेल्या स्नेहांत शोधतात. हें म्हणणें निराधार नव्हे. इख्वानचे मुहम्मद मोर्सी इजिप्तचे अध्यक्ष असतां सप्टेंबर २०१२ मध्यें एर्दोगान यांच्या पक्षाच्या अधिवेशनास अंकाऱ्यास गेले होते. ३ जुलै २०१३ रोजीं लष्करानें त्यांस पदच्युत केल्यावर एर्दोगान यांनीं कडक निषेध केला. नोव्हेंबरांत इजिप्तनें तुर्की राजदूतास घालवून दिलें. इख्वानच्या निर्वासितांस इस्तंबूलांत आश्रय मिळाला व तेथून त्यांच्या दूरचित्रवाहिन्या चालूं लागल्या. परदेशांतील एका पदच्युत पक्षासाठीं एवढें वैर पत्करणें केवळ लाभहानीच्या हिशेबानें उलगडत नाहीं.

तथापि आमच्या वाचकांस बखर व अस्सल कागद यांतील तारतम्य सांगणें नको. भाषणें ही बखर होय. अस्सल कागद निराळें सांगतात. २००५ सालीं झालेला मुक्त व्यापाराचा करार या सबंध कलहांत कायम राहिला. पुढें २०१९ सालीं कैरो येथें पूर्व भूमध्यसागरांतील वायूसंबंधीं राष्ट्रांचा मंच तुर्कस्तानास वगळून स्थापन झाला, व ऑगस्ट २०२० मध्यें इजिप्त-ग्रीस सागरी सीमेचा करार झाला. एकाकीपणाची किंमत दिसूं लागली. मार्च २०२१ मध्यें त्याच वाहिन्यांस टीका आवरण्याची सूचना मिळाली. जुलै २०२३ मध्यें राजदूत पुन्हां नेमले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्यें एर्दोगान स्वतः कैरोस गेले.

आमच्या मतें स्नेहानें कलहाचें कारण पुरविलें, परंतु त्याची मर्यादा हितसंबंधांनीं ठरविली. टीकाकार पहिली गोष्ट पाहतात, दुसरी पाहत नाहींत. ग्रंथकारांचें न्यून याहून खोल आहे: उस्मानी सत्तेची आठवण शासित प्रदेशांत शासकांसारखीच गोड असेल, हें गृहीत त्यांनीं पुरतें तपासलेलें नाहीं. या फेरफाराचा भार मात्र आश्रयदात्याच्या शब्दावर विसंबलेल्या निर्वासितांवर पडला. बखर टाकूं नये, पण निर्णय तहनाम्यावरून द्यावा.