पिनबॉलची काच आणि कलादालन

न्यूयॉर्कचे नगरपाल लाग्वार्डिया यांनी १९४२ साली पिनबॉलवर बंदी घातली, तेव्हा हातोडा उगारून यंत्रे फोडतानाची त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली होती. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. शिकागो आणि लॉस एंजलिस या शहरांतही हा खेळ दीर्घकाळ जुगारातच जमा होता. त्याच यंत्रांच्या रंगीत काचा आज संग्रहालयांतून आणि कलादालनांतून मानाने मांडल्या जातात. या पालटाचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत, आणि ते कौतुक अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि आमचे मन त्यापुढील एका प्रश्नाशी अडते. काच दालनात आली खरी. पण कोणती वस्तू म्हणून आली?

आमच्या वाचकांपैकी अनेकांनी हे यंत्र प्रत्यक्ष पाहिले नसेल. काचेने झाकलेली एक उतरती फळी, तीवर खिळे, रबरी कडी व घंटा, आणि स्प्रिंगच्या दांड्याने वर उडविला की घरंगळत खाली येणारा पोलादी गोळा, असे त्याचे स्थूल रूप. १९३१ साली गॉटलीब कंपनीने ‘बॅफल बॉल’ काढला तेव्हा ही पेटी दुकानातील टेबलावर मावत असे. पुढे तिला पाय आले, वीज आली, माथा आला, आणि माथ्यावर एक चित्रित काच उभी राहिली. धंद्यात तिला बॅकग्लास म्हणतात. १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने बटण दाबताच हलणारे, गोळ्याला परत वर फेकणारे फ्लिपर आणले व खेळात कौशल्याला जागा झाली, त्या यंत्रावरील चित्रकाम रॉय पार्कर यांचे.

ही काच मागील बाजूने छापली जाते. इतर चित्रकार ज्या गोष्टी शेवटी करतो त्या येथे आधी कराव्या लागतात. डोळ्यातील काळा ठिपका, ओठांची रेघ, बाह्याकृती ही सर्व प्रथम, मग एकेका रंगाचा थर, प्रत्येकासाठी निराळी रेशमी जाळी, त्यामागे पांढरा, आणि सरतेशेवटी, जेथून उजेड फुटू द्यावयाचा नाही तेथे अपारदर्शक लेप. चुकलेली रेघ वरून झाकण्याची सोय नाही, कारण ‘वर’ जे आहे ते सर्वांत आधी होऊन गेलेले असते. ही उलटी रीत आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. भोसल्यांच्या तंजावरात काचेच्या पाठीवर देवदेवतांची चित्रे याच क्रमाने रंगविली जात. तेथे काचेमागून सोनेरी वर्ख चमके. शिकागोच्या काचेमागे विजेचे दिवे असत.

या दिव्यांपाशीच आम्हांस थांबावयाचे आहे. गुणसंख्या दाखविणारी फिरती चाके १९५० नंतरच्या काही वर्षांत रूढ झाली. तोपर्यंत आकडे चित्रातच छापलेले असत आणि खेळ जसा चढे तसा एकेक आकडा मागच्या दिव्याने उजळे. म्हणजे चित्रकाराला आकृत्यांबरोबर या आकड्यांच्या ओळीही रचनेत बसवाव्या लागत, आणि त्या अंधारात असताना चित्र उणे वाटू नये व उजळल्यावर आकृत्यांनी त्यांना झाकू नये, हे दोन्ही सांभाळावे लागे. पार्कर यांच्या काचांवर माणसांची गर्दी फार, एकाच चौकटीत चार प्रसंग चाललेले, असा आक्षेप घेता येईल. विझलेल्या काचेपुढे उभे राहिल्यास तो खराही वाटतो. दिवे लागताच मात्र त्या गर्दीतून डोळ्याला वाटा मिळतात. काही आकृती मागे सरतात, काही पुढे येतात. येथे प्रकाश हा रंगांइतकाच रचनेचा घटक आहे. तो वगळून काच भिंतीला टांगणे म्हणजे जात्यावरची ओवी जात्याच्या घरघरीवाचून छापील संग्रहात वाचणे होय. शब्द सगळे असतात, पण लय कोठून आली ते कळत नाही.

२०१७ साली शिकागोजवळील एल्महर्स्ट कलासंग्रहालयाने पिनबॉल यंत्रे आणि शिकागोचे ‘इमेजिस्ट’ म्हणून ओळखले जाणारे चित्रकार यांना एकाच प्रदर्शनात आणले. हा संबंध ओढूनताणून जोडलेला नव्हे. जिम नट यांनी १९६६ च्या सुमारास पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्याच्या पाठीवर चित्रे काढावयास प्रारंभ केला तो या काचा पाहूनच. त्यांचे १९६७ चे ‘मिस ई. नोज’ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. परंतु अशा शेजारात एक धोका दडलेला असतो. नट यांचे चित्र हे ‘कृती’ ठरते आणि पिनबॉलची काच तिचे ‘उगमस्थान’. उगमस्थानाला नमस्कार करून प्रेक्षक पुढे जातो. लोकगीतांच्या वाट्याला आपल्या समीक्षेत हेच आले आहे. कोणा मोठ्या कवीने त्यांतून काय उचलले, एवढ्यापुरतीच त्यांची चौकशी होते. काचेला अशी उसनी प्रतिष्ठा नको. गिऱ्हाइकाला दहा पावलांवरून खेचून आणणे, खेळाची गोष्ट एका दृष्टीत सांगणे आणि मोजक्या शाईंत हे साधणे, या तिच्या स्वतःच्या अटींवर तिची परीक्षा व्हावी.

आणि ती परीक्षा कठोरही व्हावी. या काचांवरील स्त्री बहुधा एकाच साच्याची असते. मद्यगृहातील पुरुष गिऱ्हाइकाच्या नजरेसाठी उभी केलेली. पार्कर यांच्याकडे तिला निदान विनोदाची सोबत आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ख्रिश्चन मार्श यांच्या काचांवर टोकदार, कोनाकोनांच्या आकृती आल्या. त्यांत रेषेचा नवा जोम आहे, माणूस मात्र हरवलेला आहे. डेव्ह ख्रिस्टेन्सेन यांनी बॅली कंपनीसाठी काढलेली १९७५ ची ‘विझार्ड’ आणि १९७६ ची ‘कॅप्टन फँटॅस्टिक’ आम्हांस अधिक कसबी वाटतात, पण सिनेमा आणि संगीतातील ताऱ्यांचे चेहरे ओळखू येण्यावरच त्यांची अर्धी मदार आहे. काच जुनी म्हणून रम्य, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

दालनाचे एक ऋण मात्र मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कारखान्याने यंत्र आपल्या नावाने विकले. पार्कर यांच्या पिढीतील चित्रकाराचे नाव काचेवर बहुधा नसेच. काच दालनात आली, तिच्याखाली पट्टी लागली, तेव्हा कोठे हे कोणाचे असा प्रश्न निघाला.

राहता राहिली जतनाची अडचण. ज्या दिव्यांनी काच जिवंत होते त्यांच्याच उष्णतेने, आणि तळघरांच्या ओलीने, मागील रंगाचे पापुद्रे सुटतात. कॅलिफोर्नियातील अलामेडा येथील पॅसिफिक पिनबॉल म्युझियमने प्रेक्षकांना यंत्रे खेळू देण्याचा मार्ग पत्करला. त्यात झीज आहे, पण वस्तू वस्तू म्हणून भेटते. भिंतीवर काच टांगणाऱ्यांना आता थंड राहणारे दिवे सहज मिळतात. ते काचेमागे लावावेत, आणि एकदम सगळे न पेटविता खेळात पेटत त्या क्रमाने पेटवावेत. जेथे रंग गळून गेला आहे तेथे नवा भरण्याची घाईही आम्हांस पसंत नाही. त्या भोकातून दिवा उघडा दिसतो, तर दिसू द्यावा.