दैनंदिनी आणि कुटुंबेतिहास : अर्ल्स कोल्नच्या निमित्ताने

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील कोल्न नदीकाठचे अर्ल्स कोल्न हे लहानसे पॅरिश तेथील धर्मोपदेशक राल्फ जॉसलिन (मृत्यू १६८३) यांच्या दैनंदिनीमुळे इतिहासाभ्यासकांना परिचित आहे. मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅलन मॅक्फार्लेन यांनी १९७० मध्ये तिच्या आधारे या कुटुंबाच्या जीवनावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून पॅरिशनिहाय बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश होता. अशा नोंदींतून जन्म-मृत्यूंची गणना होते. शोकाचा मागोवा लागत नाही. १६४८ मध्ये जॉसलिन यांचे दहा दिवसांचे बालक आणि १६५० मध्ये आठ वर्षांची मेरी ही दोन्ही अपत्ये निवर्तली. दैनंदिनीत मेरीचा शोक अधिक खोल उमटतो. हा भेद टिपणे हे मॅक्फार्लेन यांच्या विवेचनाचे बलस्थान होय.

तथापि, पत्नी जेन यांची बाळंतपणे, आजार आणि दुःख आपल्याला पतीच्याच लेखणीतून कळतात. त्यामुळे ज्याला आपण ‘कुटुंबाचा इतिहास’ म्हणतो, तो बव्हंशी पित्याचा इतिहास ठरतो. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने साधनांतील ही मर्यादा निष्कर्षांपूर्वीच नोंदविणे अगत्याचे आहे.