स्थलांतरितांची पत्रे आणि इतिहासाचे साधन : नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहांविषयी काही विचार

४ जुलै १८२५ रोजी नॉर्वेतील स्टाव्हांगर बंदरातून 'रेस्टॉरेशनेन' हे लहानसे गलबत ५२ माणसांनिशी निघाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला पोहोचले. नॉर्वेहून अमेरिकेकडे झालेल्या संघटित स्थलांतराचा आरंभ येथून मानला जातो. पुढील शतकभरात सुमारे ८ लाख माणसे याच वाटेने गेली. या घटनेच्या शताब्दी वर्षात, १९२५ मध्ये, मिनेसोटातील नॉर्थफील्ड येथे सेंट ओलाफ महाविद्यालयाच्या आश्रयाने नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्था स्थापन झाली. कादंबरीकार ओ. ई. रॉल्वाग हे तिचे पहिले चिटणीस होत. कौटुंबिक पत्रे, रोजनिश्या, चर्चची दप्तरे, मंडळांची इतिवृत्ते, छायाचित्रे आणि मृत्युलेखांची कात्रणे अशी विविध सामग्री या संस्थेच्या संग्रहात जमा झाली आहे.

या साधनांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे मोठे श्रेय थिओडोर ब्लेगेन यांचे आहे. १९२८-२९ मध्ये नॉर्वेत राहून त्यांनी स्थलांतरितांनी मायदेशी धाडलेली पत्रे शोधली. १९४७ च्या 'ग्रास रूट्स हिस्टरी' या ग्रंथात त्यांनी सामान्य माणसाचे लेखन हेच इतिहासाचे मूळ मानले आणि १९५५ च्या 'लँड ऑफ देअर चॉइस' या संकलनात निवडक पत्रे इंग्रजीत आणली. राजकारणी व सेनानी यांच्यापलीकडे पाहणारी ही दृष्टी मोलाची आहे, यात शंका नाही. तथापि पत्र म्हणजे अनुभवाचा आरसा, असे जे गृहीत या परंपरेच्या मुळाशी दिसते, ते तपासून घेणे आवश्यक आहे.

पत्राला नेहमी वाचणारा असतो, आणि त्या वाचणाऱ्याकडे पाहूनच ते लिहिले जाते. शिवाय त्या काळी 'अमेरिका-पत्र' एकाच घरापुरते राहत नसे. ते गावात हातोहात फिरे, त्याच्या नकला होत, वृत्तपत्रांतही ते छापले जाई. टेक्ससमध्ये स्थायिक झालेल्या एलिसे वेरेनशोल्ड यांनी त्या प्रांताविषयीच्या प्रतिकूल लिखाणाला नॉर्वेतील वृत्तपत्रातून उत्तर दिले. अशा लेखनात माहितीइतकाच युक्तिवादही असतो. मायदेशी पत्र जपून ठेवणारे कोणी नव्हते, ज्यांना लिहिता येत नव्हते किंवा अपयशाच्या लाजेने ज्यांनी लेखणी उचललीच नाही, त्यांचा आवाज संग्रहात आपोआपच क्षीण होतो.

दुसरा प्रश्न भाषांतराचा. आयनार हाउगेन यांच्या 'द नॉर्वेजियन लँग्वेज इन अमेरिका' (१९५३) या ग्रंथाने दाखवून दिले की, स्थलांतरितांच्या बोलीत शेती, कुंपण, व्यवहार यांचे इंग्रजी शब्द नॉर्वेजियन प्रत्यय घेऊन सहज मिसळले होते. ही मिसळण हाच त्यांच्या नव्या जीवनाचा पुरावा होय. सफाईदार इंग्रजी भाषांतरात ती नाहीशी होते, आणि हालिंगडालचा शेतकरी व शिकलेली पाद्र्याची पत्नी एकाच सुरात बोलू लागतात. ओर्म ओव्हरलान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून 'फ्रा अमेरिका तिल नोर्गे' ही ग्रंथमाला मूळ नॉर्वेजियन भाषेत प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व या दृष्टीने जाणले पाहिजे. भाषांतर हे प्रवेशद्वार ठरू शकते. प्रमाण मात्र मूळ पाठालाच मानावे लागते.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. ग्रो स्वेन्सेन या १८६२ मध्ये आयोवाकडे निघाल्या. त्यांची पत्रे १९५० मध्ये 'फ्रंटियर मदर' या नावाने प्रसिद्ध झाली असून, संसाराचे कष्ट, बाळंतपणे आणि यादवी युद्धात गेलेल्या पतीचा विरह यांचे चित्र त्यांत मिळते. पण ज्या जमिनीवर अशी घरे उभी राहिली, ती कोणाकडून आली हे कौटुंबिक पत्रांतून क्वचितच नीट उलगडते. १८५१ च्या तहांनी डाकोटा लोकांची दक्षिण मिनेसोटातील विस्तीर्ण भूमी गेली. १८६२ मध्ये त्याच प्रदेशात युद्ध पेटले. खुद्द नॉर्थफील्ड त्याच भूमीवर वसले आहे. या घडामोडींची कागदपत्रे सरकारी दप्तरांत आहेत, कुटुंबाच्या पेटीत नाहीत.

म्हणून पत्रे कमी प्रतीची ठरतात असे नव्हे. त्यांतील विश्वास, आशा आणि मौन हीदेखील ऐतिहासिक तथ्येच होत. मात्र पत्र एकटे वाचू नये. चर्चचे नोंदपुस्तक, जमिनीचा दस्त, तहनामा आणि बोलीचा अभ्यास यांच्या शेजारी ते ठेवले, म्हणजेच संग्रहाचा खरा उपयोग होईल. संग्राहकाचे प्रेम साधने वाचवते. त्या प्रेमाच्या मर्यादा ओळखणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.