‘सीलीला आत्मसन्मान मिळाला’ : या वाक्यात काय खटकतं?

साहित्यावरच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य नावं बदलून सारखं भेटतं. ‘अमक्याच्या प्रेमामुळे तमकीला आत्मसन्मान मिळाला.’ कुणीतरी नायिकेची किंमत ओळखतं, मग तिलाही ती कळते, आणि प्रकरण तिसरं संपतं. वाक्य खोटं नसतं. पण त्यावर तीनशे पानांचा प्रबंध उभा राहत नाही, कारण ते जिथे थांबतं तिथून खरा प्रश्न सुरू होतो. दुसऱ्याने दिलेलं मोल आपलं कसं होतं? देणारा माणूस निघून गेला तर ते उरतं का?

या लेखात हा प्रश्न एकाच कादंबरीला विचारून बघू. ॲलिस वॉकरची ‘द कलर पर्पल’ (१९८२). १९८३ मध्ये तिला पुलित्झर आणि नॅशनल बुक अवॉर्ड हे दोन्ही सन्मान मिळाले. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं अमेरिकेतलं ग्रामीण जॉर्जिया. सीली ही गरीब कृष्णवर्णीय मुलगी. ज्याला ती बाप समजते तोच तिच्यावर अत्याचार करतो आणि मग तिला एका विधुर माणसाच्या घरात ढकलतो. नवरा मारतो, राबवून घेतो. त्याची जुनी प्रेयसी, गायिका शुग एव्हरी, आजारी होऊन या घरात येते. सीली आणि शुग यांच्यात प्रेम फुलतं आणि सीली बदलते. कादंबरी पत्रांची आहे. पत्रं सीलीची आणि तिच्या बहिणीची, नेटीची.

आता आपलं वाक्य पुन्हा वाचा : ‘शुगच्या प्रेमामुळे सीलीला आत्मसन्मान मिळाला.’ शाळेतलं व्याकरण आठवा. ‘सीलीला’ ही चतुर्थी, म्हणजे घेणारी. काही करणारी ती नाहीच. आयुष्यभर जिच्यावर लोकांनी काही ना काही केलं, तिच्यावर आपणही आत्मसन्मानाची क्रिया करून मोकळे होतो. मला खटकतं ते हे. आणि हा नुसता भाषेचा प्रश्न नाही, कादंबरीतल्या घटनाक्रमाशीही हे वाक्य जुळत नाही.

घटनाक्रम नीट मांडून बघा

शुग घरात येते तेव्हा सीलीला पाहून पहिल्यांदा काय करते? कुरूप म्हणून हिणवते. म्हणजे ‘शुगने सीलीची किंमत ओळखली’ ही गोष्ट सुरू होते ती अपमानाने.

त्याच्या कितीतरी आधी सीलीने शुगचा फोटो पाहिलाय, जपून ठेवलाय. आजारी शुगला आंघोळ घालते ती सीली. खाऊ घालते ती सीली. केस विंचरते तीही सीलीच. विंचरताना शुग एक चाल गुणगुणायला लागते. पुढे हार्पोच्या गाण्याबजावण्याच्या अड्ड्यावर शुग तेच गाणं सगळ्यांसमोर सीलीच्या नावाने गाते. आपल्या नावाने कुणी काही केल्याची सीलीच्या आयुष्यातली ही पहिली वेळ.

बहुतेक विवेचनं गाण्यापासून सुरू होतात. तुम्ही विंचरण्यापासून सुरू करा. शुग पाहण्याजोगी आहे, जपण्याजोगी आहे हे आधी सीलीने ठरवलेलं आहे. जिला कुणी काडीची किंमत देत नाही, ती दुसऱ्या कुणाला तरी किंमत देऊ शकते. ते गाणं म्हणजे तिच्याच हातून गेलेल्या मायेची परतफेड आहे. म्हणून माझं म्हणणं असं : या कादंबरीत आत्मसन्मानाची सुरुवात मोल मिळण्यापासून होत नाही, मोल देण्यापासून होते. शुगचं प्रेम महत्त्वाचं आहेच. पण ते सीलीला लागू पडतं, कारण शुग ही सीलीने स्वतः निवडलेली आहे. नवरा तिला बरं म्हणाला असता तर तिचं काही झालं नसतं. ज्याला आपणच मनातून मोजत नाही, त्याच्या शाबासकीने पोट भरत नाही.

पुरावा पत्रांच्या आकारात आहे

‘सीलीत बदल झाला’ हे दाखवायला विद्यार्थी संवाद उचलून देतात. ठीक आहे. पण कादंबरी पत्रांची असताना पत्राकडेच न बघणं म्हणजे हातातला पुरावा टाकून देणं. चार गोष्टी बघा.

पहिलं, खोडाखोड. अगदी पहिल्याच पत्रात सीली स्वतःबद्दल वर्तमानकाळातलं ‘मी आहे’ लिहिते आणि खोडते. मग वाक्य भूतकाळाकडे वळवते. आता नवऱ्याचं घर सोडून निघतानाचा प्रसंग काढा. तो तिला गरीब, काळी, कुरूप, बाई असं सगळं म्हणून घेतो. ती ते खोडून काढत बसत नाही. कुरूप असेनही, म्हणते. तिचं सांगणं एवढंच की मी आहे, इथे आहे. पहिल्या पानावर खोडलेलं क्रियापद इथे परत आलंय. लक्षात घ्या, ‘मी सुंदर आहे’ असं ती म्हणत नाही. तिचा आत्मसन्मान कुठल्याही गुणावर उभा नाही, असण्यावर उभा आहे.

दुसरं, पत्ता कुणाचा. सुरुवातीची पत्रं देवाला आहेत, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. नेटी जिवंत आहे हे कळल्यावर पत्रं नेटीकडे वळतात. शेवटचं पत्र देवासकट तारे, झाडं, आकाश, माणसं, सगळ्यांना आहे.

तिसरं, सही. देवाला लिहिलेल्या सुरुवातीच्या पत्रांखाली नाव नाही. मेम्फिसला जाऊन पँटी शिवण्याचा धंदा उभा राहिल्यावर नेटीला लिहिलेल्या पत्राखाली सही येते, धंद्याचं नाव येतं, पत्ताही येतो.

चौथं, नवऱ्याचं नाव. सीली त्याला ‘मिस्टर’ लिहून पुढे कोरी रेघ ओढते. शुग ‘अल्बर्ट’ म्हणते तेव्हा हा कोण, असा तिला क्षणभर प्रश्न पडतो. शेवटाकडे सीलीही त्याला अल्बर्ट लिहायला लागते. नाव घेण्याइतकी ती त्याच्या बरोबरीला आलेली असते.

स्टीव्हन स्पीलबर्गचा १९८५ चा सिनेमा बघून प्रकरण लिहू नका, असं मी सांगते ते याचसाठी. सिनेमात शुग आणि सीलीचं नातं बरंच सौम्य झालंय, आणि खोडलेलं क्रियापद पडद्यावर दिसत नाही.

व्हायवात येतील असे दोन आक्षेप

पहिला आक्षेप : नेटीचं काय? शुगच्या आधी नेटीने सीलीवर जीव टाकला, तिला शिकवलं. मग तेव्हाच आत्मसन्मान का नाही जागा झाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नका. नेटीच्या प्रेमाने सीली जगली, पण ते प्रेम मध्येच तोडलं गेलं. नवरा नेटीची पत्रं वर्षानुवर्षं ट्रंकेत दडवून ठेवतो. सीलीला वाटतं बहीण मेली. म्हणजे मोल देणारं माणूस होतं, त्याचा निरोप अडवला होता. आणि ती पत्रं सापडतात ती शुगमुळे. शुगकडे बघण्याची ही वेगळी जागा आहे. ती सीलीला नवं काही देते त्याहूनही, तिचं अडवून ठेवलेलं तिला परत मिळवून देते. सीलीचा राग पेटतो तो इथे. ती नवऱ्याच्या जिवावर उठते, आणि शुग तिला शिवणाकडे वळवते. वस्तरा घेऊ पाहणाऱ्या हातात सुई येते.

दुसरा आक्षेप : सोफियाचं काय? हार्पोची ही बायको पहिल्या दिवसापासून ताठ मानेची. तिला कुणी येऊन तिची किंमत सांगायची गरज पडली नाही. तिच्यामागे बहिणींची फळी आहे हे खरं, पण शुगसारखं कुणी नाही.

सोफियाला तळटीपेत ढकलू नका, तिच्यामुळे तुमचा सिद्धांत पक्का होईल. दोन कारणं. एक, हार्पो बायकोला कसं वठणीवर आणू असं विचारतो तेव्हा सीली सांगते, मार. स्वतःला शून्य समजणारी बाई दुसऱ्या बाईलाही शून्य करायला निघते. सोफिया जाब विचारते, आणि मग दोघी गोधडीचे तुकडे शिवायला बसतात. सीलीला तिच्या तोंडावर जबाबदार धरणारी ही पहिली बाई. जाब विचारणं हासुद्धा किंमत देण्याचाच प्रकार आहे. ज्याला आपण माणूस मानतो त्यालाच जाब विचारतो. दोन, मेयरच्या बायकोने मोलकरीण हो म्हटल्यावर सोफिया साफ नकार देते, मेयर थोबाडीत मारतो, ती उलटून मारते. त्यापायी बेदम मार, तुरुंग आणि पुढे त्याच मेयरच्या घरात चाकरी. आत्मसन्मान भरपूर होता. तो मान्य करणारा कायदा नव्हता.

इथे अक्सेल होनेथ कामाला येतो. ‘मान्यतेसाठी संघर्ष’ या १९९२ च्या पुस्तकात तो मान्यतेची तीन रूपं सांगतो : जवळच्या नात्यातलं प्रेम, कायद्यातले समान हक्क, आणि आपल्या कामगिरीला समाजाने दिलेली किंमत. सीलीची गोष्ट पहिल्यापासून तिसऱ्याकडे जाते, शुगपासून शिवणकामाकडे. सोफिया दुसऱ्याच्या अभावावर आपटते. पण थिअरी अशीच वापरा, अडलं तिथे. आधी होनेथवर वीस पानं आणि मग कादंबरीतून उदाहरणं वेचणं, म्हणजे भांडं आधी घेऊन त्या मापाची भाजी शोधणं.

खरी परीक्षा : शुग निघून जाते

कादंबरी आपल्या प्रश्नाची परीक्षा स्वतःच घेते. शुग एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या प्रेमात पडते आणि त्याच्याबरोबर फिरायला निघते. त्याच सुमाराला नेटीचं जहाज बुडाल्याची तार येते, आणि सीलीने नेटीला पाठवलेली पत्रं न उघडता परत येतात. म्हणजे मोल देणारी नाही, वाचणारीही नाही. तरी सीली लिहीत राहते. शिवत राहते. शुग आली तर आनंद, नाही आली तरी चालेल, इथवर ती पोचते. अल्बर्ट आता सुधारलाय, ओसरीवर तिच्याबरोबर शिवायला बसतो, पुन्हा लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते आणि मैत्री देऊ करते. दुसऱ्याने दिलेली किंमत आपली झाली याचा पुरावा कोणता? ती देणाऱ्याशिवाय टिकते, आणि पुढे कुणी देऊ केलेली किंमत नाकारताही येते.

यानंतर मात्र वॉकर जरा घाई करते, असं मला वाटतं. सीलीला वारशाने घर आणि दुकान आधीच मिळालेलं असतं, त्यात शुग परत येते, नेटी आणि सीलीची मुलंही येतात. परीक्षा पास झाल्यावर इतकी बक्षिसं दिली की परीक्षेची धार कमी होते. बाईच्या सन्मानाला छप्पर लागतं हे कळतं, पण ते शिवणाच्या कमाईतून आलं असतं तर जास्त पटलं असतं. कादंबरीवर याहून कडक टीकाही झालीय. ट्रुडिअर हॅरिस यांचा १९८४ चा लेख जरूर मिळवून वाचा. सीलीच्या निमूटपणाच्या चित्रणावर त्यांनी घेतलेले आक्षेप तुमच्या मांडणीला पचवावे लागतील.

तुलना करणार असाल तर

आपल्याकडे वॉकरशेजारी दलित स्त्रियांची आत्मकथनं ठेवायची पद्धत आहे. ठेवा, पण जोडणी तपासा. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये माणूसपणाची हाक बाबासाहेबांकडून येते आणि ती अख्ख्या समाजाला येते. तिथे ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ मोठा आहे. शिवाय ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. ‘दोन्हीकडे स्त्रीला आत्मभान येतं’ एवढ्यावर तुलना टिकत नाही. उलट ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचं विणकाम आणि लेकीचं लिहिणं एकमेकांत गुंतलेलं आहे. त्याच्या शेजारी सीलीची सुई ठेवली तर विचारण्यासारखं काहीतरी हाती लागेल : हातातल्या कामातून येणारी किंमत आणि माणसाकडून येणारी किंमत यांचं नातं काय?

आता सिनॉप्सिसमधलं वाक्य पुन्हा लिहा. ‘शुगच्या प्रेमामुळे सीलीला आत्मसन्मान मिळाला’ याऐवजी असं काहीतरी : ‘सीली स्वतः निवडलेल्या व्यक्तीला मोल देते, तिच्याकडून आलेली मान्यता हातातल्या कामात मुरवते आणि अखेर त्या व्यक्तीवाचूनही ती टिकवते, हा प्रवास पत्रांच्या पत्त्यांतून, सह्यांतून आणि खोडाखोडीतून कसा दिसतो?’ वाक्य लांबलंय, मान्य. गाईड म्हणतील तेव्हा कापा. फक्त कापताना सीलीला पुन्हा चतुर्थीत ढकलू नका.