फोटो कुणाच्या हातात?

पोलरॉइडची गोष्ट सगळे त्या मुलीपासून सुरू करतात. डिसेंबर १९४३. अमेरिकेतल्या सांता फे गावी एडविन लँडने आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा, जेनिफरचा, फोटो काढला आणि तिने विचारलं, तो आत्ताच का दिसत नाही? फेब्रुवारी १९४७मध्ये लँडने न्यूयॉर्कला शास्त्रज्ञांसमोर स्वतःचा ताजा फोटो कागदावरून सोलून दाखवला. पुढच्या वर्षी कॅमेरा बाजारात आला. गोष्ट गोड आहे, पण तिच्यामुळे या शोधाचं सार म्हणजे घाई, असं वाटायला लागतं. मला वाटतं, ती पोर वेळेपेक्षा फोटो मागत होती. स्वतःच्या हातात.

वॉकर एव्हन्सचे शेवटचे फोटो बघताना हे जास्त जाणवतं. १९३६ साली अलाबामात वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांचे फोटो त्याने तिकाटण्यावरच्या अवजड कॅमेऱ्याने काढले. ते आजही अंगावर येतात. त्यातल्या माणसांसमोर मात्र फोटो उमटला नाही. निगेटिव्ह सरकारजमा झाल्या. १९७३मध्ये, सत्तरीला टेकलेला, तब्येत ढासळलेली, अशा अवस्थेत एव्हन्सने एसएक्स-७० हातात घेतला. रंगीत फोटो म्हणजे सवंगपणा, असं आधी ठासून सांगणारा हाच माणूस! साठी उलटल्याशिवाय पोलरॉइडला हात लावू नये, असंही तो म्हणायचा.

एसएक्स-७० १९७२चा. त्यात सोलायला काही नव्हतं. फोटो कॅमेऱ्याच्या रुळांमधून बाहेर येताना खालच्या किनारीतली रसायनाची पुडी फुटून आत पसरायची. ती किनार रुंद असते ती यासाठी. (फोनवरचे फिल्टर किनार तेवढी उचलतात, पुडीचा पत्ता नाही.) वरचा अपारदर्शक थर उजेड अडवायचा, खाली रंग तयार व्हायचे, मग तो थर हळूहळू पारदर्शक व्हायचा. वेगळी निगेटिव्ह नाही. एकच प्रत.

एव्हन्सने काय टिपलं? रस्त्यावर रंगवलेले बाण, पाट्यांवरची अक्षरं, जुनी घरं, मित्रांचे चेहरे. चेहरे मला फारसे पटत नाहीत. कॅमेरा इतका जवळ जातो की समोरच्याला मागे सरकायला जागाच उरत नाही. अक्षरांचं तसं नाही. तो इतक्या जवळून कापतो की शब्द वाचताच येत नाही, उरतो रंग, गंज आणि कुण्या पेंटरच्या हाताचा वळसा. त्याला खऱ्या पाट्या उचलून घरी आणायची खोड होती, आणि हे फोटो त्या चोरीची सभ्य आवृत्ती वाटतात.

पण हातात येणारा फोटो कुणाच्या हातात येतो, याला दुसरीही बाजू आहे. झटपट आणि एकजिनसी फोटो ओळखपत्रांसाठी अगदी सोयीचा. १९७०मध्ये पोलरॉइडमधल्याच केन विल्यम्स आणि कॅरोलिन हंटर या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं, की दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांवर सक्तीच्या पासबुकांसाठी आपल्या कंपनीचं तंत्र वापरलं जातंय. त्यांनी आंदोलन उभारलं, हंटर यांची नोकरी गेली. १९७७मध्ये कंपनी त्या देशातून बाहेर पडली. त्या पासबुकातला माणूसही स्वतःचा फोटो जवळ बाळगायचा. तो कोण मागतो आणि कधी मागतो, एवढाच फरक. पोलरॉइडच्या आठवणींनी हळवे होणारे लेख ही सात वर्षं सहसा गाळतात, आणि मला त्याचा राग येतो.

एव्हन्सला कंपनीने जवळजवळ हवी तेवढी फिल्म दिली होती. एका पाकिटात दहा फोटो. सुमारे चौदा महिन्यांत त्याने २,६००हून थोडे जास्त काढले, म्हणजे दिवसाला सरासरी सहा. आपल्याकडे एका लग्नात तेवढे होतात.